हौशी बॉक्सिंग आणि मेंदू: कोल्हापुरातले पालक आणि खेळाडू विचारतात ते प्रश्न

पोरगं तालमीत जातंय म्हटलं की कोल्हापुरात घरादाराला कौतुक. बॉक्सिंगला जातंय म्हटलं की आई आधी डोक्याचं विचारते, आणि बरोबरच विचारते. स्पर्धांच्या वेळी मी रिंगजवळ डॉक्टर म्हणून बसतो. लढती आटोपल्यावर खुर्चीपाशी येणारे पालक, कोच आणि खुद्द खेळाडू फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत इथे घेतलेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचं म्हणणं यापेक्षा वरचढ समजा.

फार लांबण लावू नका. बॉक्सिंगनं मेंदू खराब होतो का?

डोक्यावर बसणारा ठोसा मेंदूला सोसत नाही. किती बसले, किती वर्षं बसले आणि दोन माऱ्यांच्या मध्ये मेंदूला सावरायला वेळ मिळाला का, यावर नुकसान ठरतं. शाळेत एक-दोन हंगाम खेळून सोडलेल्या मुलाला म्हातारपणी हमखास त्रास होईल, असं कुठला अभ्यास सांगत नाही. वर्षानुवर्षं आठवड्यातून चार-चार दिवस डोक्यावर जोराचं स्पॅरिंग (सरावात जोडीदाराशी लढणं) करणाऱ्याला ‘काही होत नाही’ म्हणणाराही मला खोटा वाटतो. पालक स्पर्धेतल्या लढतीला घाबरतात आणि रोजच्या सरावाकडे बघतही नाहीत. माझ्या मते हे उलटं आहे. का, ते पुढे स्पॅरिंगच्या प्रश्नात सांगितलंय.

टीव्हीवर दिसतं ते बॉक्सिंग आणि आमच्या पोराचं बॉक्सिंग एकच का?

नाही. व्यावसायिक लढत बारा फेऱ्यांपर्यंत चालते. पूर्वी पंधरा असायच्या. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू लढतीनंतर मेंदूतल्या रक्तस्रावानं दगावला आणि मग त्या कमी झाल्या. हौशी, म्हणजे ऑलिम्पिक पद्धतीच्या लढतीत तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या. पंधरा-सोळा वर्षांच्या ज्युनियर गटात फेरी दोन मिनिटांची. ठोसा बसून खेळाडू डळमळला की पंच हात वर करून आठ आकडे मोजतो. एकाच फेरीत तीनदा मोजावं लागलं तर मोठ्या गटातही लढत थांबते. एकतर्फी मार चाललाय असं दिसलं तर त्याआधीच थांबते. लढतीआधी डॉक्टरांची तपासणी सक्तीची.

म्हणून व्यावसायिक बॉक्सरवरचे आकडे उचलून शाळकरी मुलाला लावू नयेत. नियमांचं हे संरक्षण रिंगच्या दोरांच्या आतच असतं, हे मात्र ध्यानात ठेवा. सरावाच्या हॉलमध्ये आठ आकडे मोजायला कुणी नसतं.

ठोसा गालावर बसतो, मेंदूला काय होतं? वर एवढी जाड कवटी आहे की.

मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, आणि भांड्यात लावलेल्या घट्ट दह्यासारखा मऊ. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. सरळ जॅब नाकावर बसला तर डोकं मागे जातं. त्याचाही त्रास होतोच. पण हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, जबड्याच्या कडेला बसला की डोकं मानेवर गर्रकन फिरतं. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग ओढला जातो. या पिळवटण्यात मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात, काही तुटतात. म्हणून कवटीला तडाही न जाता आत मार बसू शकतो.

ठोशाचा जोर किती, तर ऑलिम्पिक दर्जाच्या सात बॉक्सरांचे सरळ पंच २००५ च्या एका अभ्यासात यंत्राच्या डोक्यावर मोजले. सरासरी सुमारे ३,४०० न्यूटन भरली, म्हणजे क्षणभरापुरता साडेतीनशे किलोचा भार. शाळकरी मुलाचा ठोसा एवढा नसतो. त्याची मानही तेवढी तयार नसते.

जिवावर बेतणारा प्रकार वेगळा आहे. मेंदूच्या पृष्ठभागापासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा झटक्यानं फाटतात आणि आवरणाखाली रक्त साठत जातं. बॉक्सिंगमधल्या मृत्यूंचं सगळ्यांत मोठं कारण हेच. हौशी खेळात हे क्वचित घडतं. घडलं तर हातात थोडाच वेळ असतो.

बेशुद्ध पडला नाही, उठून चालत आला. म्हणजे काही झालं नाही ना?

सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. कन्कशन, म्हणजे माऱ्यानं मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं, दहापैकी नऊ वेळा शुद्ध न हरपताच होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, डोकं गच्च होणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा वाटणं, विचारलेलं उशिरा कळणं, उगाच चिडचिड किंवा रडू येणं. यातलं एकही असेल तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला.

मोजणी झाल्यावर मी खेळाडूला विचारतो, ‘फेरी कितवी? समोर निळा होता की लाल? डिसेंबरपासून महिने उलटे म्हण.’ प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं, ‘मी ठीक आहे सर.’ सगळ्यांचंच येतं. मी त्या उत्तराकडे लक्ष देत नाही, पायांकडे देतो. एका रेषेत पायाच्या अंगठ्याला टाच लावून चालताना घोटा डुगडुगतोय का, हातावरची पट्टी सोडताना बोटं चाचपडतायत का, हे बघतो. एकदा एक पोरगा ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत ऑक्टोबरनंतर पुन्हा नोव्हेंबर म्हणाला आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. त्याला खाली उतरवला तेव्हा त्याच्यापेक्षा त्याचे काका जास्त चिडले होते.

सीटी स्कॅन काढला, नॉर्मल आला. आता खेळू दे की.

सीटीत रक्तस्राव आणि हाडाची चीर दिसते. कन्कशन दिसत नाही, कारण तिथे बिघाड पेशींच्या कामात असतो. ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ ऑपरेशनची गरज नाही, एवढाच घ्यायचा. खेळायची परवानगी त्यात नसते.

हेडगार्ड घातल्यावर भीती कशाची?

हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, कान वाचतो, खाली पडताना डोकं आपटलं तर मदत होते. डोक्याचं गर्रकन फिरणं ते थांबवत नाही. १९८४ च्या ऑलिम्पिकपासून हौशी बॉक्सिंगमध्ये हेडगार्ड सक्तीचं झालं. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंग संघटनेनं मोठ्या पुरुष गटातून ते काढलं आणि २०१६ ला रिओत पुरुष उघड्या डोक्यानं लढले. मुली आणि लहान गट अजून घालतात. हेडगार्ड काढल्यावर जखमा वाढल्या, पण डोक्याला मार बसला म्हणून थांबवाव्या लागलेल्या लढती वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या, असं त्या संघटनेच्याच आकड्यांतून मांडलं गेलं. त्यावर वाद आहे. संघटनेनं स्वतःच्या निर्णयाला दिलेलं प्रशस्तिपत्र मी जरा हातचं राखूनच वाचतो.

सरावात हेडगार्ड घालाच. पण ते घातलंय म्हणून दोन ठोसे जास्त खाल्ले तर उपयोग उलटा झाला.

आणि ग्लोव्ह्ज, माउथगार्ड?

ग्लोव्ह्ज मारणाऱ्याचा हात वाचवतात. माउथगार्ड दात आणि जबडा वाचवतं. मेंदूसाठी दोघांवरही विसंबू नका.

स्पॅरिंग किती करावं?

ज्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पालकानं कोचला विचारायला पाहिजे तो हा, आणि तोच कुणी विचारत नाही.

हिशेब करून बघा. जिल्हा आणि विभाग पातळीवर खेळणाऱ्या मुलाच्या वर्षाला किती लढती होतात? दहा धरल्या तरी तीस फेऱ्या. तोच मुलगा आठवड्यातून तीन दिवस चार-चार फेऱ्या स्पॅरिंग करत असेल तर महिन्याला पन्नासच्या आसपास फेऱ्या होतात. म्हणजे वर्षभराच्या लढतींपेक्षा एका महिन्याच्या सरावात जास्त. लढतीतल्या फेऱ्यांना पंच असतो, डॉक्टर असतो, नोंद असते. सरावातल्या फेऱ्यांची नोंद सहसा कुठेच नसते.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात काही खेळाडूंना तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या नेहमीसारखं स्पॅरिंग करायला लावलं आणि आधी-नंतर तपासलं. तासाभरानं त्यांची स्मरणचाचणी खालावलेली होती आणि मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या संदेशांतही फरक होता. चोवीस तासांत सगळं पूर्ववत झालं. कुणी बेशुद्ध पडलं नव्हतं, कुणी तक्रारही केली नव्हती. माझ्या लेखी यातला निरोप असा: डोक्यावरच्या स्पॅरिंगनंतर निदान एक पुरा दिवस मधे जाऊ द्या. पाठोपाठच्या दिवशी पुन्हा नको.

आपल्याकडे तालमीची शिस्त बॉक्सिंग हॉलमध्येही उतरली आहे, आणि ती एरवी फार चांगली आहे. पहाटे उठणं, जोर-बैठका, मोठ्यांच्या पाया पडणं. त्याबरोबर ‘मार खाल्ल्याशिवाय तयार होत नाही’ हेही आलंय. पैलवानाचे खांदे मार खाऊन, रगडून तयार होतात, मान्य. मेंदूला तसा घट्टा पडत नाही. पंधरा वर्षांच्या नवख्याला राज्य पातळीवरच्या गड्यासमोर ‘शिकेल आपोआप’ म्हणून उभं करणारा माणूस कोच असो वा वस्ताद, त्याला थांबवायचा अधिकार पालकांना आहे.

काय चालतं? ठरवून दिलेला सराव: एकानं फक्त जॅब मारायचा, दुसऱ्यानं फक्त चुकवायचा. अंगावरच मारायचं, डोकं वर्ज्य, असं स्पॅरिंग. हलक्या हाताचं स्पॅरिंग, जे हलकंच राहतंय का हे बघायला कोच समोर उभा आहे. पूर्ण जोराच्या फेऱ्या स्पर्धेच्या तोंडावर, मोजून, आणि वजन-अनुभवाची जोडी बघूनच.

संशोधन काय म्हणतं? इंटरनेटवर दोन्ही बाजूंचं सापडतं.

दोन्ही बाजूंचं सापडतं, कारण दोन्ही बाजूंचं आहे.

सुरुवात व्यावसायिकांपासून झाली. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरनं बॉक्सरांच्या झोकांड्या आणि जड जीभ यांवर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये पंधरा माजी बॉक्सरांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले आणि त्यातली झीज सविस्तर मांडली गेली. तेव्हापासून व्यावसायिकांबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

हौशी बॉक्सरांबाबत चांगले अभ्यास बरेचसे स्वीडनमधून आले. तिथे १९७० पासून २००६ पर्यंत व्यावसायिक बॉक्सिंगला बंदी होती, त्यामुळे अभ्यासायला मिळाले ते हौशीच. नव्वदीच्या दशकातल्या तिथल्या पाहणीत माजी हौशी बॉक्सरांमध्ये मेंदूच्या गंभीर कायमच्या इजेची चिन्हं सापडली नाहीत; जास्त लढती खेळलेल्यांची बोटांची चपळाई थोडी कमी भरली, इतकंच. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तोवरच्या छत्तीस अभ्यासांचा एकत्र आढावा आला: हौशी बॉक्सिंगनं मेंदूला कायमची इजा होते असा भक्कम पुरावा नाही. हे वाक्य बॉक्सिंगवाले नेहमी पुढे करतात. त्याच आढाव्यात, हे अभ्यास फारसे दर्जेदार नाहीत असंही लिहिलंय. ते वाक्य पुढे करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

दुसरी बाजू. २००६ मध्ये स्वीडनमध्येच चौदा हौशी बॉक्सरांच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. लढतीनंतर आठवडा-दहा दिवसांनी त्यात न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन वाढलेलं होतं. मज्जातंतूंचे धागे दुखावले की ते बाहेर झिरपतं. डोक्यावर जास्त किंवा जोराचे ठोसे बसलेल्यांत ते जास्त होतं. तीन महिने विश्रांती घेतल्यावर उतरलं. मार खरा होता आणि भरूनही येत होता, असा त्याचा अर्थ मी लावतो. ज्याला ते तीन महिने मिळतच नाहीत त्याचं काय, हा प्रश्न उरतो.

आणि वेल्समधल्या केर्फिली गावचा अभ्यास. हजारावर पुरुषांवर पस्तीस वर्षं लक्ष ठेवलं. तरुणपणी हौशी बॉक्सिंग गांभीर्यानं केलेल्यांत उतारवयात अल्झायमरसारखी लक्षणं इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली आणि ती साधारण पाच वर्षं आधी सुरू झाली. त्यात बॉक्सर थोडेच होते, आणि ‘बॉक्सिंग केलं’ हे त्यांनी स्वतः सांगितलेलं. ते खेळले त्या काळात वैद्यकीय नियमही ढिले होते. तरी हा अभ्यास बाजूला सारता येत नाही.

एकूण काय, हौशी बॉक्सिंग निर्दोष सुटलेलं नाही आणि दोषीही ठरलेलं नाही. मात्र मार जितका जास्त तितका धोका जास्त, ही दिशा दोन्ही बाजूंच्या अभ्यासांत सारखीच दिसते. १९८३ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेनं बॉक्सिंगवर बंदीची मागणी केली होती. मी त्या टोकाला जात नाही. पण मागणी करणारे काही वेडे नव्हते.

मोहम्मद अलीला बॉक्सिंगमुळेच कंपवात झाला ना?

अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं, २०१६ मध्ये ते गेले. ठोशांमुळेच झाला का, यावर तज्ज्ञांचं एकमत झालेलं नाही. ते शेवटपर्यंत व्यावसायिक रिंगमध्ये प्रचंड मार खात राहिले हे खरं. एका माणसावरून ना आपल्या पोराला घाबरवा, ना धीर द्या.

सीटीई म्हणतात ते काय? त्याची टेस्ट कोल्हापुरात होते का?

जगात कुठेच होत नाही. वर्षानुवर्षांच्या माऱ्यानं मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं बिघडलेलं प्रथिन साठतं, तो हा आजार. पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. जिवंतपणी दिसतात ती लक्षणं: विसर, तापटपणा, उदासी, पुढे बोलण्या-चालण्यात जडपणा. ‘मेंदूचा एमआरआय काढून सीटीई सांगतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

मार लागला त्या रात्री घरी काय करायचं? झोपू द्यायचं का?

आधी, घरी थांबायचंच नाही अशी लक्षणं: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, हातापायातली शक्ती जाणं, बरळणं, हलवूनही नीट जागं न होणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं. यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन व मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात न्या. कोल्हापूर शहरात सीपीआर (छत्रपती प्रमिला राजे रुग्णालय) सगळ्यांना माहीत आहे. आधी जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून तास घालवू नका. स्पर्धा तालुक्याला असेल तर सकाळीच विचारून ठेवा की जवळचं सीटी मशीन कुठे. चंदगडला लढत असेल तर कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं, हे ऐन वेळी आठवत नाही.

मार लागल्यावर थोडा वेळ अगदी ठीक वाटून मग तब्येत ढासळणं, हे आवरणाखालच्या रक्तस्रावात होऊ शकतं. म्हणून पहिले काही तास मुलाला एकटं सोडू नका आणि मोटरसायकल हातात देऊ नका.

वरची लक्षणं नसतील आणि डॉक्टरांनी बघून घरी सोडलं असेल तर झोपू द्या. रात्रभर जागवायची जुनी रीत उपयोगाची नाही. झोपेत मेंदू सावरतो. मोठ्या माणसानं त्याच खोलीत झोपावं. उठवून बघायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर उठवा. दुखलं तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढायची भीती असते. पहिले दोन दिवस मोबाइल शक्य तितका लांब. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडायचीही गरज नाही, दोन दिवसांनी रंकाळ्यावर सावकाश फेरी मारली तर उलट बरं.

नाकाला कांदा लावणं, डोक्यात तेल चोळणं, मान कडाकडा मोडणं: पहिली दोन निरुपयोगी, तिसरं धोक्याचं.

परत रिंगमध्ये कधी?

पायरीपायरीनं. आधी शाळा-कॉलेज पूर्ववत. मग चालणं, हलकं पळणं. मग एकट्याचा सराव, सावलीशी लढणं, दोरी. मग पॅड आणि बॅग. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्या. त्रास परत आला तर त्या पायरीवरून खाली या. समोर माणूस उभा करायचा तो डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच. मोठी माणसं बहुतेक दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाही लागतो.

डोक्यावरच्या ठोशानं लढत थांबली किंवा नॉकआउट झाला तर आंतरराष्ट्रीय नियमांत निदान ३० दिवस बंदी असते. तीन महिन्यांत दोनदा झालं तर तीन महिने, वर्षात तीनदा झालं तर वर्षभर. ही बंदी स्पॅरिंगलाही लागू असते. नेमकं तेच विसरलं जातं. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला अचानक जीवघेणी सूज येऊ शकते. विरळा आहे, पण आलेली सूज सहसा आवरत नाही.

वजनगटासाठी पाणी तोडलं तर मेंदूशी काय संबंध?

ऑलिम्पिक पद्धतीत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं. आदल्या रात्री रेनकोट घालून पळलेला, पाणी तोडलेला मुलगा काही तासांत पुरता भरून निघत नाही. पाय जड, नजर मंद, हात वर राहत नाहीत. मग चुकवता येणारे ठोसे डोक्यावर बसतात. वाढत्या वयात वरच्या गटात खेळवा.

मुलींना धोका जास्त का?

इतर खेळांत मुलींमध्ये कन्कशन जास्त नोंदलं जातं आणि त्रास थोडा जास्त दिवस टिकतो. मानेची ताकद हे त्याचं एक कारण मानतात. बॉक्सिंगमधली दीर्घकाळची माहिती कमी आहे, कारण महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच मुळी २०१२ ला, मेरी कोमला कांस्य मिळालं त्या वर्षी. मानेचे व्यायाम मुलामुलींनी सगळ्यांनीच करावेत. ते शिकायला कोल्हापूरसारखं गाव नाही, कुठल्याही तालमीत जा.

त्यापेक्षा कुस्ती बरी. नाही तर फुटबॉल.

मेंदूच्या हिशेबानं कुस्ती बरी, यात शंका नाही. तिथे डोक्यावर मारणं हा डाव नाही. तरी आपटण्यात, डोक्याला डोकं लागण्यात कन्कशन होतंच, आणि मोडलेले कान मिरवतात तसं ते दाखवता येत नसल्यामुळे कुणी मोजत नाही. खासबागेत चितपट झालेला पैलवान उठून झोकांड्या देतो तेव्हा टाळ्या थांबवून त्याच्याकडे बघावं.

फुटबॉलचं ऐकून कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठांना वाईट वाटेल. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू इतरांच्या साडेतीन पट आढळले, असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हेडिंगवर, म्हणजे डोक्यानं चेंडू मारण्यावर, संशय आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. शाहू स्टेडियमवर आठ-नऊ वर्षांच्या पोरांकडून हेडिंगचा रतीब घालून घेतला जात असेल तर तोही बंद करा.

कितव्या वर्षापासून घालावं?

पायांची हालचाल, दोरी, बॅग हे आठव्या-नवव्या वर्षीही चालेल. डोक्यावर ठोसा जितका उशिरा तितका चांगला. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मुलांच्या बॉक्सिंगलाच विरोध नोंदवला. माझ्या घरचा मुलगा असता तर पंधराच्या आत डोक्यावरचं स्पॅरिंग करू दिलं नसतं. ही माझी मर्यादा आहे, नियमाची नाही.

नुसतं बॅग आणि पॅड मारलं तर?

मेंदूला काही नाही. दम वाढतो, वजन उतरतं, पोरगं मोबाइल सोडतं. मनगट सांभाळा.

माझे वडील कॉलेजात बॉक्सिंग करायचे. आता विसरतात. त्यामुळेच का?

असं ठरवून टाकू नका. साठीनंतर विसर पडायला थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, साखर, रक्तदाब, ऐकू कमी येणं, एकटेपणा, दारू अशी कारणं असतात, आणि त्यातली बरीचशी दुरुस्त होतात. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि ते किती वर्षं, कसे खेळले तेही सांगा. वडिलांना विचाराल तर ‘काय लागत नव्हतं आम्हाला’ म्हणतील. त्यांच्यासोबत खेळलेल्या मित्राला विचारा.

क्लब बघायला गेल्यावर काय विचारू?

स्पॅरिंग कोणत्या वारी असतं आणि जोड्या कोण लावतं. गेल्या वर्षी डोक्याला मार लागून किती जणांना थांबवलं. ‘एकालाही नाही’ हे उत्तर चांगलं नाही, बघतच नाहीत असा त्याचा अर्थ होतो. मार लागलेल्यांची वही आहे का, ती दाखवा म्हणा. आणि अर्धा तास न सांगता मागच्या बाकावर बसा. पोराच्या नाकावर ठोसा बसून डोळ्यांत पाणी आल्यावर बाकीचे हसतात की कोच फेरी थांबवतो, तेवढं बघितलं तरी पुरे.

शाळेत सांगायचं का? सर खेळच बंद करतील.

सांगा, वर्गशिक्षकांना लेखी द्या. कन्कशननंतर दोन-तीन आठवडे वाचताना डोकं दुखणं, पाठ केलेलं न आठवणं, वर्गाच्या गोंगाटात चिडणं हे होतंच, आणि शाळेला माहीत नसेल तर पोरगं आळशी ठरतं. त्या दिवसांत चाचणी आली तर पुढे ढकलून मागा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. स्पर्धा खेळणाऱ्या मुलाच्या रेकॉर्ड बुकात त्या माऱ्याची नोंद झाली आहे का तेही तपासा, कारण पुढच्या गावी वेगळा डॉक्टर असतो आणि त्याच्यापुढे तेवढं एकच पान असतं.